वूफरचा बॉक्स आणि भाऊंचा कान

सातपूरच्या कामगाराला आवाज नवा नाही. दिवसभर मशीनचा धडाका, आणि घरी आले की वामनदादांचे गाणे. वामनदादा कर्डक म्हणजे आपल्याच जिल्ह्याचे, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. २००४ साली ते गेले, पण आमच्या वस्तीत त्यांचे शब्द आजही ऐकू येतात. आमच्या थोरल्या भाऊंना मात्र ते नीट ऐकू येत नव्हते.

भाऊंची सत्तावीस वर्षे एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये गेली. कानात बोळे घालण्याची तेव्हा रीत नव्हती. कोणी घातलेच तर बाकीचे हसत. रिटायर झाल्यापासून त्यांचे एकच, "आवाज वाढव." पुतण्या आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. तो मला म्हणाला, "काका, पप्पांसाठी अशी सिस्टीम बांधतो की भिंत बोलली पाहिजे."

त्याने बारा इंची दोन जुने वूफर आणले. मॅग्नेट आणि सांगाडा तोच ठेवला, कोन नवा बसवला आणि जाड तारेची कॉइल मुद्दाम भरून घेतली. बॉक्ससाठी १८ मिलिमीटरचा प्लायवूड. बॉक्स कशासाठी, असे वहिनींनी विचारले. त्याचे उत्तर सोपे आहे. कोन पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. उघड्यावर या दोन्ही एकमेकींत मिसळतात आणि बेस मरतो. बॉक्स त्यांना वेगळे ठेवतो. लिटरचा हिशेब माझ्याकडे आला. (बी. कॉम. झाल्याचा उपयोग कधी कुठे होईल, सांगता येत नाही.) आतून ६० सेंटिमीटर उंच, ३६ रुंद, ३५ खोल, म्हणजे सुमारे ७५ लिटर. सांधे फेव्हिकॉल आणि स्क्रूने पक्के केले, फटी एम-सीलने बुजवल्या. बारीक फटीतूनही हवा फुसफुसते.

पहिल्याच दिवशी ॲम्प्लिफायरचे ट्रान्झिस्टर जळाले. ८ ओहमचे दोन वूफर समांतर जोडले की ४ ओहम होतात. ॲम्प्लिफायर ८ ओहमचा, त्याला दुप्पट करंट द्यावा लागला. दुरुस्ती करून दोन्ही चॅनेलना एकेक वूफर जोडला, तरी बेस दुबळाच. शेवटी पेन्सिल सेल लावून पाहिला, तेव्हा एकाचा कोन बाहेर आला आणि दुसऱ्याचा आत गेला. वायर उलटी लागली होती. ती बदलताच घर हादरले.

वॉटच्या आकड्यांना भुलू नये. खोक्यावर पीएमपीओ म्हणून हजारोंनी छापतात, पण विचारायचा तो आरएमएस. आणि वॉट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात.

रविवारी सकाळी उद्घाटन झाले. मांडणीवरची भांडी वाजू लागली. पाच मिनिटांत शेजारचा तरुण दारात उभा, डोळे लाल. "जयभीम काका. थर्ड शिफ्ट करून आलोय. आत्ताच डोळा लागला होता." आम्ही ओशाळलो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीला दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण शिफ्टवाल्याची रात्र सकाळी सातला सुरू होते, ती कुठल्या नियमात बसवायची?

आणि ज्यांच्यासाठी हे सारे केले ते भाऊ बॉक्सवर हात ठेवून म्हणाले, "धक्के लागतात रे. पण शब्द कुठं हायेत?"

दुसऱ्या आठवड्यात मी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेले. ऑडिओग्रामवरची रेघ ४००० हर्ट्झजवळ खड्ड्यासारखी खाली गेलेली. गोंगाटाने कान जातो तो आधी तिथेच जातो, आणि गेलेला परत येत नाही. स, श, त, ख ही अक्षरे वरच्या पट्टीतच ओळखू येतात. बेस जितका जोरात, तितकी ती अधिक झाकली जातात. म्हणजे पोरगा प्रेमाने बापाचे शब्दच बुजवत होता. गोंगाटाने आलेला बहिरेपणा कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. नोकरीत असलेल्यांनी ही तपासणी आताच करून कागद जपून ठेवावा. भाऊंचा कागद आधी नव्हता, म्हणून आम्ही आता अर्ज करत धडपडतो आहोत.

पुतण्याने सिस्टीम पुन्हा उघडली. एक वूफर काढून ठेवला, दुसरा कोपऱ्यातून हलवला, कारण कोपऱ्यात बेस फुगतो. भाऊंच्या खुर्चीसमोर, कानाच्या उंचीवर, एक छोटा स्पीकर आणि ट्वीटर लावला. ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे सुमारे ४२०० हर्ट्झच्या खालचा जोर त्यात जात नाही. आता पंधरा वॉटही पुरतात.

रिकाम्या बॉक्सवर वहिनींनी शिलाई मशीनचे सामान मांडले आहे. काल भाऊंनी एकच कडवे तीनदा लावायला सांगितले. तिसऱ्या वेळी पुतण्या कंटाळला, तर म्हणाले, "थांब, तो एक शब्द मी आजवर वेगळाच समजत होतो."