विश्लेषण : समालोचक खरेच आपल्या संघाच्या विरोधात असतो का? अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधील जुन्या भांडणामागे काय आहे?

अमेरिकेत ऑगस्टअखेरीपासून डिसेंबरपर्यंतचा शनिवार हा कॉलेज फुटबॉलचा वार असतो. विद्यापीठांचे संघ मैदानात उतरतात, लाखभर प्रेक्षकांची मैदाने भरतात आणि त्याच्या कितीतरी पट लोक टीव्हीसमोर बसतात. सामना संपला की एक तक्रार ठरलेली असते : समालोचक आमच्या संघाचा द्वेष करतो. गंमत अशी, की तेच प्रक्षेपण पाहून समोरच्या संघाचे चाहतेही नेमके हेच म्हणतात. मग हा पक्षपात खरा की चाहत्यांच्या मनातला? मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा माग बराच आधी काढला आहे आणि त्याची सुरुवातही एका कॉलेज फुटबॉल सामन्यापासूनच झाली.

हा वाद कॉलेज फुटबॉलमध्येच इतका तीव्र का?

हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळण्याचा, फेकण्याचा आणि धडक देऊन अडवण्याचा हा खेळ. क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार. व्यावसायिक लीगमध्ये जेमतेम ३२ संघ आहेत. विद्यापीठांच्या सर्वोच्च गटात ते १३० हून अधिक आहेत. अलाबामा, नेब्रास्का, ओक्लाहोमा यांसारख्या राज्यांत त्या व्यावसायिक लीगचा संघच नाही. तिथे विद्यापीठाचा संघ हाच राज्याचा संघ. त्यात आजोबांपासून नातवापर्यंत एकाच विद्यापीठात शिकलेली घराणी असतात. त्यामुळे संघावरची टीका ही घरावरची टीका वाटते.

गॅरी डॅनियलसन यांचे उदाहरण बोलके आहे. सीबीएस वाहिनीवर त्यांनी साउथईस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजे ‘एसईसी’ या दक्षिणेकडील विद्यापीठांच्या बलाढ्य गटाच्या सामन्यांचे अनेक वर्षे समालोचन केले. ते स्वतः इंडियाना राज्यातील परड्यू विद्यापीठाचे माजी क्वार्टरबॅक. ‘एसईसी’शी त्यांचे खेळाडू म्हणून काहीच नाते नव्हते. तरीही या गटातील एका विद्यापीठाच्या चाहत्यांना ते अलाबामाचे भाट वाटत, तर अलाबामाच्या चाहत्यांना विरोधकांचे वकील. एकच माणूस इतक्या संघांचा एकाच वेळी शत्रू कसा असू शकतो?

१९५१ च्या सामन्यात काय घडले होते?

नोव्हेंबर १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांत सामना झाला. प्रिन्स्टनचा तारा डिक कॅझमायर त्या वर्षीचा सर्वोत्तम कॉलेज खेळाडू, हाइजमन ट्रॉफीचा मानकरी. दुसऱ्या सत्रात त्याचे नाक मोडले आणि त्याला मैदान सोडावे लागले. तिसऱ्या सत्रात डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. सामना प्रिन्स्टनने १३-० असा जिंकला. पण त्यानंतर दोन्हीकडच्या वृत्तपत्रांत आठवडेभर चिखलफेक चालली. डार्टमथने मुद्दाम कॅझमायरला लक्ष्य केले, असे प्रिन्स्टनकर म्हणत. स्वतःचा लाडका जखमी झाला म्हणून हा कांगावा, असे डार्टमथकर.

डार्टमथचे अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि प्रिन्स्टनचे हॅडली कॅन्ट्रिल हे दोन मानसशास्त्रज्ञ या भांडणात न पडता एकत्र आले. त्यांनी सामन्याची फिल्म दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवली आणि जिथे नियमभंग दिसेल तिथे नोंद करायला सांगितले. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथचे सरासरी ९.८ नियमभंग दिसले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना त्याच फिल्ममध्ये आपल्या संघाचे दिसले ४.३. प्रिन्स्टनने केलेल्या नियमभंगांबाबत मात्र दोन्ही गटांचे आकडे जवळपास सारखेच होते, चारच्या थोडे वर. म्हणजे भांडण होते ते फक्त डार्टमथच्या वागण्याबद्दल. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील सर्वांत मजेदार किस्सा एका माजी विद्यार्थ्याचा आहे. डार्टमथच्या या गृहस्थांनी फिल्म मागवून पाहिली आणि नियमभंगाची दृश्ये कापली गेली आहेत की काय, अशी विचारणा तारेने केली. फिल्म पूर्ण होती. त्यांना ती दृश्ये दिसली नव्हती, इतकेच.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हे विद्यार्थी खोटे बोलत नव्हते. पडद्यावरच्या झटापटीत कशाकडे पाहायचे, हे त्यांच्या निष्ठेने आधीच ठरवून टाकले होते. शिवाय ही फिल्म होती. ती दाखवताना मत रंगवून सांगणारा समालोचक कुठेच नव्हता.

मग समालोचकच शत्रू का वाटतो?

याचे उत्तर खेळाबाहेरच्या एका अभ्यासातून मिळते. १९८२ मध्ये बैरूतमधील साब्रा आणि शातिला छावण्यांत हत्याकांड झाले. अमेरिकी वाहिन्यांनी त्याचे जे वार्तांकन केले, त्याच्याच चित्रफिती रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर या संशोधकांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातील १४४ विद्यार्थ्यांना दाखवल्या. इस्रायलच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना ते वार्तांकन इस्रायलविरोधी वाटले. अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना तेच अरबविरोधी. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून ‘शत्रुभावी माध्यम परिणाम’ ही संकल्पना रुजली. त्यातला एक निष्कर्ष क्रीडाप्रेमींना विशेष लागू पडतो : ज्यांना विषयाची माहिती जास्त, त्यांना पक्षपातही जास्त दिसला.

कट्टर चाहत्याचे असेच होते. त्याला आपल्या संघाच्या राखीव खेळाडूचा गुडघा कधी दुखावला, हेही पाठ असते. राष्ट्रीय वाहिनीवरचा समालोचक आज या शहरात, पुढच्या शनिवारी दुसऱ्या. सामन्याआधी प्रशिक्षकांशी बोलून, टिपणे काढून तो बसतो. साहजिकच त्याच्याकडून काही सुटते, एखादे नाव चुकते. चाहत्याला ते अज्ञान वाटत नाही, आकस वाटतो. समोरच्या संघाबाबत झालेली तशीच चूक त्याला कळतही नाही, कारण तो संघ त्याला तितका ठाऊक नसतो. कौतुकाचेही तसेच. आपल्या संघाची स्तुती म्हणजे वस्तुस्थिती, ती विसरली जाते. प्रतिस्पर्ध्याची स्तुती मात्र रात्रभर कानात वाजत राहते.

म्हणजे समालोचनाचा काहीच परिणाम होत नाही?

होतो, आणि बराच होतो. १९७७ मध्ये पॉल कॉमिस्की, जेनिंग्ज ब्रायंट आणि डॉल्फ झिलमन यांनी आइस हॉकीच्या एका सामन्यातील दोन तुकडे निवडले. एकात खेळ खरोखर दांडगाईचा होता, पण समालोचकाने त्याबद्दल फारसे काही म्हटले नव्हते. दुसऱ्यात खेळ साधाच होता, पण समालोचक चकमकी रंगवून सांगत होता. आवाजासह पाहणाऱ्यांना साधा खेळच जास्त दांडगाईचा वाटला. डोळ्यांनी पाहिलेल्यावर कानांनी मात केली.

अमेरिकन फुटबॉलमध्ये तर समालोचकाला बोलायला भरपूर मोकळीक असते. व्यावसायिक सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो सुमारे ११ मिनिटे, असे ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०१० मध्ये मोजून दाखवले होते. सामना चालतो तीन तासांहून अधिक. कॉलेजचा सामनाही थांबत थांबतच चालतो. उरलेला वेळ पुनर्दृश्ये, जाहिराती आणि गप्पांचा. या गप्पांना कथानक लागते. नामांकित संघ हरू लागला, की ‘त्याचे काय बिघडले’ हेच कथानक होते. जिंकणाऱ्या छोट्या संघाच्या चाहत्याला इथे डावलल्यासारखे वाटले, तर ते निव्वळ कल्पनारम्य म्हणता येत नाही. दोन्ही बाजू तक्रार करतात म्हणून समालोचक निःपक्षपाती ठरतो, हा वाहिन्यांचा आवडता युक्तिवाद त्यामुळेच फार टिकणारा नाही. दोन्हीकडच्या तक्रारी चुकीच्या असू शकतात आणि पक्षपात तिसरीकडेच असू शकतो.

पक्षपात तिसरीकडे म्हणजे कुठे?

एक, शब्दांत. १९७७ मध्येच रेनव्हिल आणि मॅककॉर्मिक यांनी व्यावसायिक फुटबॉलच्या समालोचनाची छाननी केली, तेव्हा गोऱ्या खेळाडूंच्या वाट्याला कृष्णवर्णीयांपेक्षा अधिक कौतुक आल्याचे आढळले. अँड्र्यू बिलिंग्ज यांनी २००४ मध्ये कॉलेज आणि व्यावसायिक सामन्यांतील क्वार्टरबॅकविषयीच्या वाक्यांचा अभ्यास केला. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकच्या यशाचे श्रेय उपजत शारीरिक क्षमतेला देण्याकडे कल दिसला. या पक्षपाताबद्दल शनिवारी रात्री कोणी ओरडत नाही, कारण तो कोणत्याच एका संघाविरुद्ध नसतो. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाची प्रतिमा मात्र त्यातून घडते. या प्रतिमेवर पुढचे बरेच काही अवलंबून असते. हाइजमन ट्रॉफीसाठी मतदान करणाऱ्यांत बहुसंख्य पत्रकारच आहेत.

दोन, पैशांत. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘एनसीएए’ या केंद्रीय संघटनेची प्रक्षेपण हक्कांवरील मक्तेदारी मोडली. त्यानंतर विद्यापीठे आणि त्यांचे गट वाहिन्यांशी थेट करार करू लागले. नोत्र दाम विद्यापीठाचे घरच्या मैदानावरील सामने १९९१ पासून एनबीसीकडे आहेत. ईएसपीएनने टेक्सास विद्यापीठाबरोबर २० वर्षांचा, ३० कोटी डॉलरचा करार करून २०११ मध्ये त्या एका विद्यापीठासाठी ‘लाँगहॉर्न नेटवर्क’ ही स्वतंत्र वाहिनीच सुरू केली. शेजारच्या विद्यापीठांना ते खुपले आणि टेक्सास ए अँड एम पुढच्याच वर्षी तो गट सोडून ‘एसईसी’त गेले. २०१४ मध्ये ईएसपीएनने ‘एसईसी नेटवर्क’ सुरू केले. जी कंपनी सामने विकत घेते, तिचेच विश्लेषक कोणता संघ श्रेष्ठ यावर दिवसभर चर्चा करतात. इथे कोणा समालोचकाच्या मनात काय आहे, हा प्रश्नच दुय्यम ठरतो.

फ्लोरिडा स्टेटच्या वेळी हे का उफाळून आले?

३ डिसेंबर २०२३ रोजी राष्ट्रीय विजेतेपदासाठीचे चार संघ जाहीर झाले. १३ पैकी १३ सामने जिंकलेल्या फ्लोरिडा स्टेटला वगळून एक सामना हरलेल्या अलाबामाला चौथे स्थान मिळाले. फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस जखमी झाल्याने संघ पूर्वीइतका ताकदवान राहिला नाही, असे निवड समितीचे म्हणणे होते. चाहत्यांनी बोट दाखवले ईएसपीएनकडे : अलाबामा ‘एसईसी’चे आणि पुढच्या हंगामापासून ‘एसईसी’चे हक्क एकट्या ईएसपीएनकडे जाणार होते. प्रकरण इतके तापले, की फ्लोरिडाच्या महाधिवक्त्यांनी चौकशी सुरू केली.

या आरोपाला एक अडचण आहे. निवड १३ सदस्यांची समिती करते. ईएसपीएनला मत नसते. शिवाय फ्लोरिडा स्टेट ज्या ‘एसीसी’ गटात खेळते, त्याचे हक्कही ईएसपीएनकडेच होते. तरीही संशय पूर्ण पुसला जात नाही. निकाल जाहीर करणारी, त्यावर चर्चा घडवणारी आणि पुढचे सामने दाखवणारी वाहिनी एकच असेल, तर चाहत्याने डोळे मिटून विश्वास ठेवावा, ही अपेक्षाच जास्तीची आहे.

या संशयाची किंमत कोण मोजते?

बहुतेक वेळा समोर दिसणारा माणूस. कर्क हर्बस्ट्रीट हे ईएसपीएनचे आघाडीचे विश्लेषक ओहायो स्टेट विद्यापीठाचे माजी क्वार्टरबॅक आणि कर्णधार. त्यांचे वडीलही तिथलेच कर्णधार. इतर संघांचे चाहते त्यांना ओहायो स्टेटचा माणूस समजतात. ओहायो स्टेटचे काही चाहते मात्र ते मुद्दाम आपल्यावर कडक टीका करतात म्हणून त्यांच्यावर राग धरून असत. या मूठभर लोकांच्या जाचाला कंटाळून २०११ मध्ये त्यांनी जन्मराज्य सोडून टेनेसीतील नॅशव्हिलला बिऱ्हाड हलवले. पुढे दोन मुले क्लेम्सन विद्यापीठाकडून खेळू लागली आणि ते क्लेम्सनधार्जिणे ठरले. समालोचक नेहमीच निर्दोष असतात, असेही नाही. ओहायो स्टेटशी सामना टाळण्यासाठी मिशिगन करोनाची सबब पुढे करू शकेल, असे हर्बस्ट्रीट डिसेंबर २०२० मध्ये बोलून गेले आणि त्याच दिवशी त्यांना माफी मागावी लागली.

भारतात या तक्रारीचे उलटे रूप पाहायला मिळाले आहे. मार्च २०१६ मध्ये ट्वेन्टी-२० विश्वचषकातील बांगलादेशविरुद्धच्या सामन्यानंतर अमिताभ बच्चन यांनी, भारतीय समालोचकाने सतत दुसऱ्यांच्या खेळाडूंबद्दल बोलू नये, अशा आशयाचे ट्वीट केले. महेंद्रसिंह धोनीने त्याला दुजोरा दिला. काही दिवसांतच हर्षा भोगले आयपीएलच्या समालोचकांतून बाहेर झाले. कारण जाहीरपणे सांगितले गेले नाही. तिथे आक्षेप पक्षपाताचा नव्हता, तो पुरेसा नसल्याचा होता.

उघडउघड पक्षपाती समालोचन ऐकायला मिळाले तर?

अमेरिकेत ती सोय जुनीच आहे. प्रत्येक मोठ्या विद्यापीठाचे स्वतःचे रेडिओ समालोचक असतात. ते ‘आपण’ म्हणतात, संघ हरला की त्यांचा आवाज पडतो आणि चाहते त्यांच्यावर जीव टाकतात. टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओ लावणारी घरे अनेक आहेत.

हीच कल्पना २०१४ मध्ये कॉलेज बास्केटबॉलच्या उपांत्य सामन्यांसाठी टीव्हीवर आणली गेली. मुख्य प्रक्षेपण टीबीएस वाहिनीवर होते. त्याच समूहाच्या टीएनटी आणि ट्रू टीव्ही या वाहिन्यांवर एकेका संघाच्या बाजूचे समालोचन ठेवले होते, त्या त्या संघाशी नाते असलेल्या माणसांनी केलेले. अनेक प्रेक्षकांनी नेहमीच्या सवयीने यांपैकी एखादी वाहिनी लावली आणि थोड्याच वेळात समाजमाध्यमांवर तक्रारींचा पाऊस पडला : हे समालोचक किती पक्षपाती आहेत!