परदेशात भाड्याची गाडी घेताना : कोणता तोटा आपल्याला पेलणार नाही?



आजचा विषय वाचून काही जणांना गंमत वाटली असेल. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस भाड्याच्या मोटारीच्या विम्यावर काय बोलणार? पण विमा म्हणजे शेवटी अनिश्चिततेबद्दल घेतलेला निर्णय. आणि अनिश्चिततेत शहाण्यासारखं कसं वागायचं, हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न आहे. शिवाय तुमच्यापैकी पुष्कळांची मुलं-नातवंडं अमेरिकेत, युरोपात, न्यूझीलंडमध्ये आहेत. त्यांच्याकडे गेलं की चार दिवस गाडी भाड्याने घेऊन फिरणं होतंच. तेव्हा हा प्रश्न तुमच्यापुढे येणारच.

तो येतो कसा ते बघा. अठरा-वीस तासांचा प्रवास झालेला असतो, डोळ्यांवर झोप असते, मागे रांग असते. काउंटरवरचा तरुण हसतमुखाने पाच-सहा नावं भराभर म्हणतो आणि विचारतो, हे घेणार का, ते घेणार का? इथे माणसं साधारणपणे दोन प्रकारे वागतात. काही जण भीतीपोटी सगळ्याला हो म्हणतात आणि गाडीच्या भाड्याइतकाच खर्च विम्यावर करून बसतात. काही जण म्हणतात, चाळीस वर्षं गाडी चालवतोय, मला काही होत नाही, आणि सगळं नाकारतात. या दोन्ही उत्तरांमध्ये विचार झालेला नसतो. तो कसा करायचा, एवढंच आज बघू.

सुरुवात एका जुन्या कोड्यापासून करू. १७३८ साली डॅनिएल बर्नुली या गणितज्ञाचा एक लॅटिन निबंध सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीने प्रसिद्ध केला. त्यात एक व्यापारी आहे. त्याने ॲम्स्टरडॅममध्ये माल घेतलाय. पीटर्सबर्गला पोचला तर त्याचे दहा हजार रूबल येतील. त्या मार्गावर शंभर जहाजांपैकी पाच बुडतात. म्हणजे सरासरी तोटा पाचशे रूबल. पण विमावाला मागतो आठशे. आता सांगा, विमा घ्यावा की नाही?

नुसता हिशेब केला तर घेऊ नये. पाचशेच्या वस्तूला आठशे कोण देईल? पण बर्नुली म्हणतो, थांबा, या व्यापाऱ्याकडे आणखी किती पैसा आहे ते आधी सांगा. त्याचं गणित असं निघतं, की या मालाखेरीज त्याच्याकडे सुमारे ५,०४३ रूबलपेक्षा कमी असतील तर आठशे देऊन विमा घेणं शहाणपणाचं. त्याहून जास्त असतील तर न घेतलेला बरा. जहाज तेच, समुद्र तोच, दर तोच. तरी उत्तर माणसागणिक बदलतं. कारण तेवढाच तोटा एकाला नुसता चिमटा असतो आणि दुसऱ्याचं घर बसवतो.

यातून आपल्याला नियम मिळतो. ‘अपघात होण्याची शक्यता किती?’ हा पहिला प्रश्न नव्हे. ‘झालाच, तर तो तोटा मला पेलेल का?’ हा पहिला प्रश्न. पेलणाऱ्या तोट्यासाठी विमा घेणं ही सोय आहे, न पेलणाऱ्यासाठी ती गरज आहे.

आता हा नियम गाडीला लावू. भाड्याच्या गाडीत तोटे चार प्रकारचे. एक, आपल्यामुळे दुसऱ्या माणसाला झालेली इजा किंवा त्याच्या मालमत्तेचं नुकसान. दोन, भाड्याच्या गाडीचं नुकसान किंवा चोरी. तीन, आपल्याला झालेली दुखापत. चार, आपलं सामान. काउंटरवर सर्वात जास्त बोललं जातं ते दुसऱ्याबद्दल, म्हणजे गाडीबद्दल. आपल्यालाही तीच डोळ्यांसमोर दिसत असते. ओरखडा पडला तर? बंपर चेपला तर? पण जरा विचार करा. गाडीच्या तोट्याला छत आहे. फार तर अख्खी गाडी गेली, तर तिची किंमत, वर काही शुल्क आणि गाडी दुरुस्तीत असतानाचं बुडालेलं भाडं. रक्कम मोठी असेल, पण ती कुठेतरी थांबते. दुसऱ्या माणसाच्या तोट्याला छतच नाही. एखादा सायकलस्वार आपल्या गाडीखाली येऊन जन्माचा अपंग झाला, तर त्याची किंमत कुठे थांबवणार?

इथे आपल्या सवयीचा एक धोका आहे. भारतात थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे, आणि मृत्यू किंवा दुखापतीच्या भरपाईला त्यात साधारणपणे कमाल मर्यादा नसते. त्यामुळे ‘थर्ड पार्टी आहे ना, मग झालं’ असं आपण धरून चालतो. आपली इथली मोटार पॉलिसी अमेरिकेत किंवा युरोपात चालत नाही, हे तर उघडच आहे. पण ‘थर्ड पार्टी’ या शब्दाचा अर्थसुद्धा देश बदलला की बदलतो.

ब्रिटनमध्ये माणसाच्या इजेसाठीचा सक्तीचा विमा अमर्याद असतो. युरोपीय संघात किमान मर्यादाच लाखो युरोंच्या घरात आहे, आणि हा विमा गाडीच्या भाड्यात धरलेला असतो. म्हणजे तिथे पहिला प्रश्न बराचसा सुटलेला असतो. न्यूझीलंडची रीत आणखी वेगळी. तिथे १९७४ पासून अपघात भरपाईची सरकारी योजना आहे. चूक कोणाचीही असो, जखमी माणसाचा तिथल्या उपचारांचा मुख्य खर्च ती योजना उचलते, पाहुण्यांचासुद्धा, आणि इजेबद्दल भरपाईचा दावा साधारणपणे लावता येत नाही. मात्र थर्ड पार्टी विमा तिथे सक्तीचा नाही. तेव्हा दुसऱ्याच्या गाडीचं, कुंपणाचं नुकसान आपल्या करारात धरलंय का, ते वाचायलाच हवं.

आणि अमेरिका? तिथे हा प्रश्न अगदी उघडा राहतो. सक्तीच्या विम्याची मर्यादा प्रत्येक राज्य ठरवतं आणि ती फार कमी असते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून ती वाढली. वाढून किती झाली? एका माणसाच्या इजेला किंवा मृत्यूला ३० हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या माणसांना मिळून ६० हजार आणि मालमत्तेला १५ हजार. त्याआधी कित्येक दशकं ती १५, ३० आणि ५ हजार होती. अमेरिकेतल्या रुग्णालयात ३० हजार डॉलर किती दिवस पुरतात, ते तिथे राहणाऱ्या मुलांना विचारा. समोरची गाडी नवी असेल तर १५ हजारांत ती गाडीसुद्धा भरून निघत नाही.

भाड्याने देणारी कंपनी बहुतेक ठिकाणी फार तर एवढ्याच किमान रकमेचं संरक्षण देते. आणि २००५ च्या एका केंद्रीय कायद्यानुसार, कंपनीची स्वतःची हयगय नसेल तर केवळ गाडीची मालक म्हणून तिला जबाबदार धरता येत नाही. म्हणजे वरची सगळी रक्कम चालवणाऱ्याच्या डोक्यावर. त्यासाठी जो जादा विमा मिळतो त्याला ‘सप्लिमेंटल लायबिलिटी’ म्हणतात. त्याची मर्यादा बहुधा काही लाख डॉलर, कुठे कुठे दहा लाखांपर्यंतही असते. अमेरिकेतला रहिवासी तो नाकारतो, कारण त्याच्या घरच्या गाडीची पॉलिसी भाड्याच्या गाडीलाही बहुधा लागू होते. त्याचं बघून आपण नाकारलं, तर आपल्यामागे काहीच उरत नाही. भारतातून काढलेल्या प्रवास विम्यात ‘पर्सनल लायबिलिटी’ असं एक कलम असतं खरं, पण मोटार चालवताना झालेलं नुकसान त्यातून बहुधा वगळलेलं असतं. तुमची पॉलिसी काढा आणि ती ओळ शोधा.

‘मुलाच्या क्रेडिट कार्डावर विमा आहे’ असंही पुष्कळ जण सांगतात. असेलही. पण तो साधारणपणे भाड्याच्या गाडीपुरता असतो, दुसऱ्या माणसासाठी नसतो. आणि तोही गाडी कार्डधारकाच्या नावावर घेतली आणि कंपनीची गाडीची सवलत नाकारली तरच.

आता त्या सवलतीकडे येऊ. ‘कोलिजन डॅमेज वेव्हर’, म्हणजे सीडीडब्ल्यू. शब्द नीट ऐका. वेव्हर म्हणजे हक्क सोडणं. कंपनी म्हणते, गाडीचं नुकसान झालं तर मी तुझ्याकडे मागणार नाही. काटेकोरपणे पाहिलं तर हा विमा नव्हे, हे वचन आहे, आणि वचनाला अटी आहेत. करारात नाव नसलेल्या माणसाने गाडी चालवली, दारू पिऊन चालवली, वैध परवाना नव्हता, मनाई केलेल्या रस्त्यावर नेली, की वचन संपलं. आपल्याकडे आरटीओतून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना एक वर्ष चालतो. तो काढून मूळ परवान्याबरोबर ठेवा. आणि जावयाने अर्धा तास जरी गाडी चालवायची असेल, तरी त्याचं नाव करारात घाला.

युरोपात ही सवलत बहुधा भाड्यातच असते, पण पहिली काही रक्कम आपल्याला भरावी लागते. तिला ‘एक्सेस’ म्हणतात. ती हजार-दोन हजार युरोंपर्यंत जाऊ शकते, आणि तेवढी रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. काउंटरवर रोज काही युरो मागतात ते ही रक्कम शून्यावर आणण्यासाठी. आता बर्नुलीला आठवा. दीड-दोन लाख रुपये गेले तर वाईट वाटेल, सहल कडू होईल, पण घर मोडेल का? नसेल मोडत, तर ही सोय आहे, मनःशांती विकत घ्यायची असेल तर घ्या. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला ती रक्कम खरोखर जड असेल, तर त्याला ती गरज आहे. दोघांचं उत्तर वेगळं असणारच.

‘फुल कव्हर’ या शब्दावर मात्र विसंबू नका. टायर, काच, गाडीचा तळ, छप्पर, किल्ली, चुकीचं इंधन भरणं, या गोष्टी बरेचदा बाहेर असतात. आइसलँडमध्ये तर खडी उडून बसणारे टोले आणि वाऱ्याने येणारी वाळू-राख यांची वेगवेगळी संरक्षणं विकतात. तिथे वाऱ्याने दार उलटं फिरलं किंवा नदीतून गाडी घातली, तर तो खर्च बहुतेकदा आपलाच. तेव्हा ‘पूर्ण का?’ असं विचारू नका. ‘यात काय नाही?’ असं विचारा.

तिसरा आणि चौथा तोटा लवकर संपतो. आपली दुखापत आणि सामान यांसाठी आपण प्रवास विमा घेतलेलाच असतो. त्याची रक्कम पुरेशी आहे ना, एवढं घरीच बघा. काउंटरवर तेच दुसऱ्यांदा घेण्याचं कारण सहसा नसतं.

तर क्रम असा ठेवा. आधी दुसऱ्या माणसाची इजा, मग गाडी, मग आपण, मग सामान. आणि हे निघण्याआधी, घरच्या टेबलावर ठरवा. गाडी आगाऊ ठरवताना ‘राहण्याचा देश’ विचारतात, तिथे खरंखुरं भारत असं लिहा. परदेशी प्रवाशांसाठीच्या काही दरांत गाडीची सवलत आणि जादा लायबिलिटी दोन्ही धरलेलं असतं. मग काउंटरवर कागद दाखवायचा आणि तेच पुन्हा विकत घ्यायचं नाही. गाडी घेताना आणि परत देताना चारी बाजूंनी फोटो काढा. अपघात झाला तर पोलिसांना आणि कंपनीला लगेच कळवा.

शेवटी एक शंका राहते, आणि ती लोक हळू आवाजात विचारतात. ‘सर, आपण तर पंधरा दिवसांनी परत येणार. मग इतकं कशाला?’ कायद्याने काय होईल ते वकिलांना विचारा. मी माझ्या विषयापुरतं बोलतो. आपल्याकडे योगक्षेम हा जुना शब्द आहे. योग म्हणजे नसलेलं मिळवणं, क्षेम म्हणजे असलेलं राखणं. आयुर्विमा महामंडळाचं ब्रीदवाक्य त्यावरूनच आलंय. आपण विमा घेताना विचार करतो तो स्वतःच्या क्षेमाचा. पण ज्याच्या रस्त्यावर आपण चार दिवस पाहुणे म्हणून गाडी चालवतो, त्या माणसालाही क्षेम आहे. आपण विमानात बसून परत आलो तरी तो तिथेच असतो, मोडलेल्या पायासकट. त्याने आपल्याला बोलावलं नव्हतं, आणि विमा कोणता घ्यायचा हे त्याला कोणी विचारलंही नव्हतं. ते त्याच्या वतीने आपणच ठरवलेलं असतं, काउंटरवर, झोपाळलेल्या डोळ्यांनी.

म्हणून पहिली सही त्याच्यासाठी करा. बंपरचं नंतर बघू.