भिंत कशासाठी?
कोथरूडहून पूर्वेला, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. सुमारे ३००० वर्षांपूर्वीच्या या शेतकरी वस्तीला दगडमातीची भिंत व खंदक होता. मग याला किल्ला म्हणायचे का? नुसत्या भिंतीवरून ते ठरत नाही. पेरूमधील चान्कियोची तटबंदी किल्ला समजली जाई. पण जवळचे १३ मनोरे सूर्याच्या उगवण्या-मावळण्याच्या जागा दाखवतात, हे २००७ साली प्रसिद्ध झाले. इनामगावची भिंत पुरासाठीही असावी. आत पाच खोल्यांचे घर व शेजारी धान्यकोठार सापडले. म्हणजे सर्वांचे श्रम एकत्र आणणारा कोणी प्रमुख असावा, असा तर्क आपण करतो. तेव्हा शेतात खापर दिसले, तर उचलण्याआधी त्याची जागा टिपून ठेवू या. जागा हरवली, की पुरावाही हरवतो.