आजोबा खोटं सांगतात का?

मैत्रिणींनो, शाळेने मुलांना प्रकल्प दिला की तो आईलाच करावा लागतो, हा अनुभव तुम्हालाही असेलच! आमच्या सातवीतल्या चिरंजीवांना शिवनेरीवर लिहायचं होतं. आम्ही मंचरला राहतो, जुन्नर काही लांब नाही. गड पाहून झाला, चित्रंही काढून झाली. पण पहिल्याच पानावर घोडं अडलं. शिवरायांचा जन्म कोणत्या साली?

मामंजी म्हणाले, "१६२७. आम्ही शाळेत हेच शिकलो." चिरंजीव म्हणाले, "मोबाईलवर १६३० आहे." मग स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारलं, "आई, आजोबा खोटं सांगतात का गं?"

मी चरकलेच. ‘गप्प बस’ म्हणणं सोपं होतं. पण अर्धवेळ का होईना, मीही शिकवतेच ना! दोन दुपारी वाचनालयात बसले.

१६२७ साल चिटणीस बखरीत आहे. ती लिहिली गेली एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. महाराज १६८० साली गेले, म्हणजे मध्ये शंभरावर वर्षं लोटली. पुढे कित्येक पुस्तकांत तेच साल छापलं गेलं. उलट लोकमान्य टिळकांनी १९१६ साली उजेडात आणलेल्या जेधे शकावलीत फाल्गुन वद्य ३, शके १५५१ अशी नोंद आहे. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’तही हीच तिथी, आणि परमानंद तर महाराजांच्याच काळातला. राजाची स्तुती करताना कवी हात सैल सोडेल, पण जन्मतिथी बदलून त्याला काय मिळणार? महाराष्ट्र शासनानेही २००१ साली १९ फेब्रुवारी १६३० हीच तारीख मान्य केली.

शेजारच्या चारजणींनी एकच बातमी सांगितली, तरी चौघींनी ती एकीकडूनच ऐकली असेल, तर साक्षीदार एकच, नाही का? पुस्तकांचं आणि मोबाईलचंही तसंच. म्हणून मुलाच्या वहीत तीन रकाने आखून द्या: कोणी लिहिलं, केव्हा लिहिलं, कशावरून लिहिलं. तिसरा रकाना कोरा राहिला, तर ती माहिती जरा बाजूला ठेवायची.

चिरंजीवांना म्हटलं, "आजोबा खोटं सांगत नाहीत. त्यांच्या पुस्तकात होतं तेच सांगतात." त्याने दोन्ही सालं लिहिली, कारणांसकट. मामंजींनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, "शकावलीचं नाव नीट मोठ्या अक्षरांत लिही रे!"