शिळेवर रंगलेली लक्ष्मी

गिरगाव-परळच्या चाळींतून वाशी-नेरूळला राहायला येताना अनेक घरांनी देवांच्या जुन्या तसबिरी सोबत आणल्या. आपल्याकडे अशी लक्ष्मी किंवा सरस्वती असेल, तर ती कशी छापली गेली हे जरूर समजून घ्यावे. सिनेमाची सुरुवातीची पोस्टरेही याच रीतीने छापली जात.

अशी चित्रे छापण्यासाठी चित्रकार राजा रविवर्मांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. सिनेमाकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळकेही या छापखान्यासाठी काम करत.

तिथल्या छपाईच्या तंत्राला शिळाछाप म्हणतात, म्हणजेच लिथोग्राफी. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्याच गोष्टीवर ते चालते. अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत सेनेफेल्डरने ते शोधले.

आधी चुनखडीची जाड शिळा वाळू-पाणी घालून घासतात. घासणे अपुरे राहिले, तर त्याच शिळेवरचे आधीचे चित्र नव्या चित्रात पुसटसे डोकावते.

मग तेलकट खडूने किंवा शाईने शिळेवर चित्र काढायचे, तेही उलटे. छापल्यावर ते सुलटे होते. इथे बोट लागले तरी त्याचा तेलकट ठसा छपाईत उतरतो, म्हणून कारागीर हाताखाली लाकडी पट्टी घेत.

त्यानंतर डिंक आणि किंचित आम्ल फिरवतात. त्यामुळे कोऱ्या जागा पाणी धरून ठेवतात. शिळा ओली करून शाईचा रूळ फिरवला, की शाई फक्त रेघांवर बसते. आता कागद ठेवून दाब द्यायचा.

हा झाला एकच रंग. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा लागे, आणि एका चित्राला दहा-बारा शिळाही लागत. साधारणपणे फिके रंग आधी, गडद नंतर. सर्वांत जास्त चुका इथेच होत. दमट हवेत कागद किंचित ताणला जातो, मग पुढचा रंग जागेवर बसत नाही आणि ओठांची लाली गालावर सरकते. मला अशी सरकलेली प्रत आवडते. तिच्यात छपाईचा क्रम उघडा दिसतो.

आता भिंग घ्या आणि गालाची छटा पाहा. ठिपके लहानमोठे, वेडेवाकडे असतील, तर ते कारागिराने हाताने दिलेले आहेत. एकसारखे, ओळीत असतील, तर बहुधा ती नंतरची यांत्रिक प्रत. साडीवर कुणी जर किंवा टिकल्या चिकटवल्या असतील तर त्या काढू नका. पूर्वी घरोघरी चित्रे अशी सजवत.

आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत कागद काचेला चिकटतो. फ्रेम करताना काच आणि चित्र यांमध्ये जाड पुठ्ठ्याची किनार ठेवायला सांगा, आणि लॅमिनेशन मुळीच करू नका. ते पुढे काढायला गेल्यास वरचा रंगही निघून येतो.