फुकटच्या हवेचे मोल

हवा सर्वांस फुकट मिळते हे खरे. परंतु कारखान्यात नळीवाटे येणारी दाबाची हवा फार महाग पडते. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेचा बहुतेक भाग उष्णतेच्या रूपाने निघून जातो आणि हत्याराच्या तोंडाशी कामास येतो तो जेमतेम दहावा हिस्सा. अशी ही हवा सांध्यासांध्यांतून सुटत राहते आणि कोणाचे तिकडे लक्षही जात नाही.

आपल्या सीमाभागास हा विषय परका नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान काढले ते बेळगावात. १९१० साली ते किर्लोस्करवाडीस गेले. त्याच उद्योगपरंपरेतील किर्लोस्कर न्यूमॅटिक ही १९५८ साली स्थापन झालेली पुण्याची कंपनी कॉम्प्रेसर बनवते. निपाणीची ओळख तंबाखूची असली, तरी तिच्या उत्तरेस कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहती आहेत आणि दक्षिणेस बेळगावचे उद्यमबाग. दोन्हीकडे ओतकामाचे कारखाने आहेत. साचे ठोकणे, कोअर भरणे, ओतीव वस्तू छिलणे-घासणे, वाळू झटकणे या साऱ्या कामांस तेथे दाबाची हवा लागते.

तेल गळाले तर जमिनीवर डाग पडतो, पाणी गळाले तर चिखल होतो. हवा मात्र मागे काहीच ठेवीत नाही. तिचा फुसफुस आवाज यंत्रांच्या घरघरीत बुडून जातो. दाब कमी पडू लागला की कारागीर तक्रार करतो, मालक दाब वाढवतो. तेवढ्याने भागले नाही तर कर्ज काढून दुसरा कॉम्प्रेसर आणतो. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, त्यातलाच हा प्रकार!

थोडा हिशेब मांडू. ७ बार दाबाच्या नळीस ३ मिलिमीटरचे एकच भोक असले, तर ते भरून काढण्यास साधारण साडेतीन किलोवॅट वीज लागते. रोज १६ तास आणि वर्षास ३०० दिवस काम धरले, तर १६,८०० युनिटे होतात. दर युनिटास ७ रुपये धरल्यास हे १,१७,६०० रुपये झाले. महिन्यास १०० युनिटे वापरणारी १४ घरे एवढ्या विजेवर वर्षभर चालतील. देखभाल नसलेल्या कारखान्यात एकूण हवेपैकी २० ते ३० टक्के गळतीत जाणे हे काही नवल नव्हे.

ही गळती मोजण्यास घड्याळ पुरते. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सर्व हत्यारे बंद ठेवून केवळ कॉम्प्रेसर चालवावा. तो २ मिनिटे हवा भरून ८ मिनिटे थांबत असेल, तर १० मिनिटांपैकी २ मिनिटांची, म्हणजे २० टक्के हवा गळते आहे. त्याच शांततेत नळीच्या कडेने फिरावे. सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले की तेथे खडूने खूण करावी. हात लावून गळती शोधू नये, दाबाच्या हवेने इजा होते. गळणाऱ्या हवेत मानवी कानास न ऐकू येणारे सूक्ष्म ध्वनीही असतात. ते टिपणारे श्राव्यातीत ध्वनीचे यंत्र मिळते आणि त्याने चालू कारखान्यातही शोध घेता येतो.

गळती बहुधा रबरी नळीच्या क्लिपेत, कपलिंगमध्ये, पाणी काढण्याच्या व्हॉल्व्हमध्ये अथवा बंद पडलेल्या यंत्राकडे जाणाऱ्या नळीत सापडते. दाब पूर्ण उतरवूनच दुरुस्ती करावी. क्लिप आवळणे, आटे साफ करून टेफ्लॉनची पट्टी गुंडाळणे, जुनी नळी बदलणे ही कामे अल्प खर्चाची आहेत. दुरुस्तीनंतर कामापुरता दाब ठेवून बाकीचा उतरवावा. एक बार दाब कमी केला की सुमारे ६ ते ७ टक्के वीज वाचते, आणि उरलेली गळतीही घटते.

आमच्या मते अडचण ज्ञानाची नाही, जबाबदारीची आहे. हवा सर्वांची, म्हणून गळती कोणाचीच नाही! हे काम एका माणसाकडे नावानिशी सोपवावे, दर महिन्यास मोजणी करून आकडा भिंतीवर लिहावा. लहान कारखान्याचा नफा मुळातच थोडा असतो, आणि त्यावर अनेक घरांच्या चुली पेटतात. तो हवेत विरू न देणे मालक आणि कामगार या दोघांच्याही हिताचे आहे.