टीएसएच वाढलंय, पण किती?

वजन वाढले, केस गळू लागले, थकवा जात नाही किंवा पाळी अनियमित झाली, की ‘एकदा थायरॉइड तपासून घे’ हा सल्ला घरातूनच मिळतो. आरोग्य तपासणीच्या बहुतेक पॅकेजमध्येही आता ही चाचणी असते. रिपोर्ट हातात येतो, टीएसएचसमोरचा आकडा ठळक छापलेला दिसतो आणि ‘आता जन्मभर गोळी’ ही धास्ती मनात बसते. पण एकाच रिपोर्टमधल्या किंचित वाढलेल्या आकड्यावर जन्मभराचे औषध ठरत नसते.

आकडा उलटा का चालतो?

गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. ती टी-४ आणि टी-३ ही संप्रेरके तयार करते. हृदयाची गती, पचन, शरीराची ऊब, मासिक पाळी अशा अनेक गोष्टींवर त्यांचा प्रभाव असतो. या ग्रंथीवर देखरेख असते ती मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची. टीएसएच हे पिट्युटरीचे संप्रेरक आहे, थायरॉइडचे नाही. रक्तात टी-४ कमी पडले की पिट्युटरी जास्त टीएसएच सोडून थायरॉइडला कामाला लावते. टी-४ जास्त झाले की हात आखडता घेते. म्हणून टीएसएच वाढलेले असेल तर सहसा थायरॉइड मंद असते आणि टीएसएच फार कमी असेल तर थायरॉइड अतिसक्रिय असते.

टी-४ थोडेसे घटले तरी टीएसएच कितीतरी पटींनी वाढते. त्यामुळे बिघाडाची चाहूल टीएसएचमध्ये आधी लागते. प्रौढांमध्ये ते साधारण ०.४ ते ४.५ मिलीयुनिट प्रतिलिटरच्या आसपास असावे, असे मानतात. लॅबनुसार ही मर्यादा थोडी बदलते. जोडीला ‘फ्री टी-४’ पाहणे उपयोगी ठरते. रक्तातले बहुतेक टी-४ प्रथिनांना चिकटलेले असते. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या सुरू असताना ही प्रथिने वाढतात आणि ‘टोटल टी-४’ उगाच जास्त दिसते.

मधल्या पट्ट्यातली माणसे

टीएसएच ४.५ ते १० च्या दरम्यान आणि फ्री टी-४ मात्र नॉर्मल, असे रिपोर्ट पुष्कळ येतात. मुंबई आणि गोव्यासह देशात आठ ठिकाणी झालेली एक पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ५,३७६ प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के लोकांमध्ये थायरॉइडची कमतरता आढळली. टीएसएच वाढलेले पण टी-४ नॉर्मल, असे आणखी सुमारे ८ टक्के होते.

अशा वेळी दोन-तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करणे, हे पहिले पाऊल. अनेकांचे टीएसएच तोवर आपोआप मर्यादेत येते. ते वाढलेलेच राहिले तर अँटी-टीपीओ ही अँटिबॉडीची चाचणी उपयोगी पडते. ती पॉझिटिव्ह असेल तर पुढे थायरॉइड आणखी मंदावण्याची शक्यता जास्त असते. टीएसएच सतत १० च्या वर असेल तर डॉक्टर बहुधा औषध सुरू करतात.

वय वाढते तसे टीएसएचही थोडे वाढते. युरोपात ६५ वर्षांवरील ७३७ जणांवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मधल्या पट्ट्यातल्या या ज्येष्ठांपैकी काहींना थायरॉइडची गोळी आणि काहींना दिसायला तशीच, औषध नसलेली गोळी दिली होती. वर्षभराने दोन्ही गटांच्या थकव्यात आणि इतर लक्षणांत फरक दिसला नाही. उलट, गरज नसताना घेतलेल्या जादा डोसमुळे हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि हाडे ठिसूळ होऊ शकतात.

रक्त देण्यापूर्वी

- टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त, तर दुपारी कमी असते. त्यामुळे दर वेळी साधारण त्याच वेळी, शक्यतो सकाळी आणि त्याच लॅबमध्ये रक्त द्यावे.
- थायरॉइडची गोळी सुरू असेल तर त्या दिवशी ती रक्त दिल्यावर घ्यावी.
- केस आणि नखांसाठीच्या गोळ्यांमध्ये बायोटिनचे प्रमाण मोठे असते. त्यामुळे काही यंत्रांवर टीएसएच खोटे कमी आणि टी-४ खोटे जास्त दिसते. डॉक्टरांना विचारून ती गोळी चाचणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवावी.
- मोठ्या आजारपणात किंवा रुग्णालयात दाखल असताना आकडे बदलतात. डॉक्टरांनी सांगितले नसेल तर बरे झाल्यावर तपासावे.

इथे मात्र थांबू नये

गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत बाळ थायरॉइडच्या संप्रेरकासाठी पूर्णपणे आईवर अवलंबून असते. त्यामुळे आधीपासून गोळी घेणाऱ्या स्त्रीने दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना भेटावे. बहुतेकींचा डोस वाढवावा लागतो. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून जन्मजात कमतरता कळते. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर बाळाची बौद्धिक वाढ सहसा नीट होते. ही तपासणी झाली का, हे घरी जाण्यापूर्वी जरूर विचारा.

बाळंतपणात फार रक्तस्राव झालेल्या स्त्रीमध्ये कधी कधी पिट्युटरीच दुबळी होते. मग टी-४ कमी असूनही टीएसएच नॉर्मल दिसते. दूध न येणे, पाळी परत सुरू न होणे, सततचा अशक्तपणा अशी लक्षणे असतील तर एकट्या टीएसएचवर विसंबू नये.

आणि ज्यांची गोळी सुरू आहे, त्यांनी रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून ती परस्पर बंद करू नये. बहुतेकदा तो नॉर्मल आलेला असतो तो गोळीमुळेच. डोस बदलल्यावर टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात; त्याआधी केलेली तपासणी दिशाभूल करते. गोळी सकाळी रिकाम्या पोटी पाण्यासोबत घ्यावी. त्यानंतर चहा-नाश्त्यासाठी अर्धा ते एक तास थांबावे. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने घ्याव्यात. डॉक्टरांकडे जाताना जुने रिपोर्टही सोबत न्या. आकडा वाढतो आहे, स्थिर आहे की उतरतो आहे, हे त्यांवरूनच कळते.